लिफ्टच्या वेडापायी युरोपात: काय बघावं आणि कसं बघावं

प्रश्न थोडक्यात असा आहे: नाशिकचा एक इंजिनिअरिंगचा विद्यार्थी मे महिन्यात घरच्यांबरोबर युरोपला चालला आहे. पॅरिस, ल्युसर्न, दक्षिण जर्मनी आणि प्राग असा मार्ग ठरलाय. लहानपणापासून त्याला लिफ्टचं वेड. न्यूयॉर्कमध्ये लिफ्टचं संग्रहालय असल्याचं त्याने कुठेतरी वाचलं. पुढे कधी तिकडे जावं का, तोवर युरोपात तसं काही सापडेल का, आणि सापडलं तर त्यात नेमकं काय बघायचं, हे त्याला हवं आहे.

न्यूयॉर्कचं आधी उरकतो. ते संग्रहालय क्वीन्समधल्या लाँग आयलंड सिटीत होतं. लिफ्टच्याच धंद्यात हयात घालवलेल्या पॅट्रिक कॅराजॅट यांनी जमवलेल्या वस्तूंचं. २०११ मध्ये उघडलं आणि २०१६ मध्ये बंद झालं. प्रवासाच्या जुन्या याद्यांमध्ये त्याचा पत्ता अजून फिरतो, त्याच्या भरवशावर तिकीट काढू नका.

आता माझं मत. मी आधी इरेक्शनला, म्हणजे नव्या लिफ्ट बसवण्याच्या कामाला होतो, मग सर्व्हिसला, आणि आता तपासणीचं काम करतो, तेव्हा हे थोडं एकांगी वाटेल. काचेच्या कपाटात ठेवलेल्या लिफ्टच्या वस्तू बघून फारसं काही कळत नाही. पितळी बटणांची पट्टी, मजला दाखवणारा अर्धगोल काटा, नक्षीची जाळी, हे सगळं देखणं असतं, फोटोही छान येतात. पण लिफ्ट म्हणजे शाफ्ट (केबिन ज्यातून चालते ती उभी पोकळी), रेल (केबिनला सरळ धरणारे उभे रूळ), दोर, काउंटरवेट (केबिनला तोलणारं वजन) आणि पिट (शाफ्टच्या तळाचा खड्डा) या सगळ्यांचा मिळून चालणारा एक व्यवहार आहे. त्यातला एक तुकडा सुटा काढून टेबलावर ठेवला की तो मुका होतो. म्हणून माझा सल्ला असा की संग्रहालय मिळालं तर जरूर बघा, पण हातात मोजके दिवस असतील तर ते जुन्या पण अजून चालणाऱ्या लिफ्टवर खर्च करा. युरोपात त्या भरपूर आहेत. आणि कुठेही गेलात तरी पहिला प्रश्न एकच विचारा: ही थांबते कशी? माल वर ओढण्याची कला माणसाला हजारो वर्षं येतच होती. रहाट, कप्पी, वाफेवरचं विंच, सगळं होतं. दोर तुटला तर काय, याला उत्तर नव्हतं, म्हणून माणसं त्यात बसायला कचरत.

ते उत्तर एलिशा ओटिस यांनी दिलं. न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या प्रदर्शनात १८५४ साली ते स्वतः उघड्या फळीवर उभे राहिले, वर ओढून घेतलं आणि दोर कापायला लावला. फळी जरा खाली सरकली आणि अडकली. यामागची युक्ती बघा: फळीच्या डोक्यावर घोडागाडीला असते तशी पट्ट्यांची स्प्रिंग. दोराच्या ताणाने ती वाकलेली राहते. ताण गेला की ती सरळ होते आणि तिच्या टोकांचे खिट्टे दोन्ही बाजूंच्या दातेरी रेलमध्ये घुसतात. वीज नको, माणूस नको. २३ मार्च १८५७ ला ब्रॉडवेवरच्या हॉवउट यांच्या पाच मजली दुकानात ओटिसची प्रवासी लिफ्ट सुरू झाली. वेग सेकंदाला २० सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे जिन्याने गेलेला माणूस आधी पोचावा असा.

पण या खिट्ट्यात एक मोठी उणीव होती, आणि लिफ्टच्या पोरांना मी पहिल्याच आठवड्यात हेच विचारतो. दोर शाबूत आहे, पण मशीनचा ब्रेक सुटला, तर? ताण कायम आहे, स्प्रिंग सरळ होणार नाही, खिट्टा बाहेर येणार नाही. लिफ्ट दोरासकट सुसाट निघेल. म्हणून पुढे ताणाऐवजी वेग मोजणारं यंत्र आलं, त्याला आपण गव्हर्नर म्हणतो. जुन्या लिफ्टच्या मशीन रूममध्ये किंवा संग्रहालयात शिरलात की मोटर सोडा, आधी हा शोधा.

तो दिसायला साधा असतो. खाच असलेलं एक चाक, त्यावरून गेलेला बोटाहून बारीक तारेचा दोर. हा दोर केबिन उचलत नाही. तो वरून खाली पिटपर्यंत जाऊन वजनाखालून वळून परत येतो आणि एका ठिकाणी केबिनच्या लिव्हरला बांधलेला असतो. केबिन चालली की दोर चालतो, दोर चालला की चाक फिरतं. चाकावर स्प्रिंगने आवरून धरलेली दोन वजनं असतात. फारच जुना नमुना असेल तर उभ्या दांड्यावर फिरणारे दोन लोखंडी गोळे दिसतील. वेग वाढला की ती वजनं बाहेर फेकली जातात. आधी एक स्विच पाडतात, त्याने मोटरची वीज जाते. तरीही लिफ्ट थांबली नाही तर एक जबडा पडून दोर पकडतो. दोर थांबला, केबिन मात्र खाली चाललीये, त्यामुळे लिव्हर ओढला जातो आणि केबिनच्या तळाशी असलेल्या पाचरी दोन्ही बाजूंनी रेलवर आवळल्या जातात. केबिन जितकी खाली रेटेल तितक्या त्या घट्ट बसतात. सोडवायच्या असतील तर केबिन वर उचलावी लागते, दुसरा मार्ग नाही.

युरोपच्या नियमाप्रमाणे हा गव्हर्नर ठरलेल्या वेगाच्या किमान ११५ टक्क्यांना पडायला हवा, त्याच्या आत नाही. सेकंदाला ०.६३ मीटरपर्यंतच्या संथ लिफ्टमध्ये पाचर एकदम बसली तरी चालते. त्याच्या वर वेग असेल तर हळूहळू आवळणारी सेफ्टी (या पाचरींच्या संचाला आम्ही सेफ्टी म्हणतो) लागते, नाहीतर केबिन वाचेल आणि आतल्या माणसांचे गुडघे जातील. संग्रहालयात सेफ्टीचा सुटा संच मिळाला तर त्याच्या पाचरीचा पृष्ठभाग बघा. दातेरी आणि छोटी असेल तर ती एकदम बसणारी. गुळगुळीत, लांब, मागे जाड स्प्रिंग असेल तर हळू बसणारी. हेच चालू लिफ्टमध्येही ओळखता येतं, रेलवरून. सेफ्टीची टेस्ट घेतली की रेलच्या दोन्ही अंगांना चकाकते ओरखडे उठतात. ते कानशीने घासून काढावे लागतात, नाहीतर पुढे प्रत्येक फेरीला केबिन तिथे खरखरते. काचेच्या शाफ्टमध्ये मी सवयीने पहिल्यांदा रेलकडेच बघतो. घासलेली जागा आजूबाजूच्या रेलपेक्षा वेगळी चमकते. टेस्ट खरोखर घेतली होती की नुसती कागदावर, हे तिथे कळतं.

इथे एक प्रश्न हमखास येतो: मग एम्पायर स्टेटमध्ये काय झालं? २८ जुलै १९४५ ला धुक्यात एक बी-२५ बॉम्बर विमान त्या इमारतीवर आदळलं. बेटी लू ऑलिव्हर ही लिफ्ट चालवणारी बाई ७५ मजले खाली कोसळली आणि वाचली. सेफ्टी लागली नाही, कारण केबिनच्या दोरांबरोबर गव्हर्नरचा दोरही तुटला होता. लिव्हर ओढणारंच कोणी उरलं नव्हतं. आजही तपासणीत गव्हर्नरचा दोर मुख्य दोरांइतकाच बारकाईने बघायचा असतो तो याचसाठी.

अजून एक गोष्ट डोक्यात पक्की करून जा, कारण बहुतेक हौशी लोकांना ती उलटी माहीत असते. काउंटरवेट हे रिकाम्या केबिनच्या वजनाइतकं नसतं. केबिन अधिक क्षमतेच्या ४० ते ५० टक्के, इतकं ते ठेवतात. म्हणजे रिकामी किंवा एकटा माणूस असलेली लिफ्ट काउंटरवेटपेक्षा हलकी असते, आणि ब्रेक सुटला तर ती पडत नाही, वर पळते. दोर तुटून लिफ्ट कोसळणं हे सिनेमात जितकं घडतं तितकं खऱ्या कामात घडत नाही. तीन किंवा जास्त दोर असतील तर ते मिळून पूर्ण भाराच्या १२ पट ताकदीचे घ्यावे लागतात. खरे अपघात दारात होतात: केबिन नसताना उघडलेलं दार, जाळीतून बाहेर आलेला हात.

आता तुमच्या मार्गाकडे येतो.

पॅरिसमध्ये आयफेल टॉवरला सगळेच जातात. तुम्ही दृश्य बघायला नका जाऊ. टॉवरचे पाय कललेले आहेत, खाली जास्त आणि वर जाता जाता सरळ होत गेलेले. त्या वाकत्या रुळावरून केबिन नेणं, आणि ती नेताना जमीन सपाट ठेवणं, ही १८८९ मधली मोठी डोकेदुखी होती. पूर्व आणि पश्चिम पायात रू, कोंबालुझिए आणि लपाप यांच्या कंपनीने सांधेदार दांड्यांची साखळी वापरली. केबिन ओढायची नाही, खालून ढकलायची. चालली, पण खडखडाट फार आणि वेग कमी. दहा वर्षांत ती काढली आणि १८९९ मध्ये फीव-लिल कंपनीची पाण्याच्या दाबावर चालणारी यंत्रणा बसवली. तिचा गाभा आजही कामावर आहे. नियंत्रण बदललं, केबिन बदलल्या, पण तत्त्व तेच: तळघरात आडवा पिस्टन थोडासा सरकतो आणि कप्प्यांवरून अनेक फेरे घेतलेल्या दोरांमुळे केबिन त्याच्या कितीतरी पट अंतर चढते. शेजारी अ‍ॅक्युम्युलेटर आहेत, उभ्या पिस्टनवर ठेवलेली प्रचंड वजनं. पंप ती हळूहळू वर चढवून ठेवतो, आणि केबिनला जोर लागतो तेव्हा ती खाली बसत दाब देतात. लहान पंपाकडून मोठं काम करून घेण्याची याहून सोपी रीत मला माहीत नाही. मार्गदर्शकाबरोबरच्या काही फेऱ्यांत हे तळघर दाखवतात. तुमच्या तारखेला अशी फेरी आहे का ते निघण्याआधी बघा, कारण साध्या तिकिटावर तिथे सोडत नाहीत.

दुसऱ्या मजल्यावरून टोकाला नेणारी मूळ लिफ्ट लेऑं एदू यांची होती. १६० मीटरचा टप्पा दोन केबिनमध्ये वाटलेला. एक वर जाताना दुसरी खाली, दोघी एकमेकींचं काउंटरवेट. मधल्या फलाटावर प्रवाशांनी केबिन बदलायची. पाण्यावर चालायची म्हणून हिवाळ्यात बंद, पाणी गोठायचं. तरी ती १९८३ पर्यंत चालली! आत्ताची विजेची लिफ्ट त्यानंतरची. तिच्यात बसाल तेव्हा अर्ध्या वाटेवर बाहेर नजर ठेवा, म्हणजे जुना अदलाबदलीचा टप्पा कुठे पडत असेल याचा अंदाज येईल.

ल्युसर्नजवळच्या ब्युर्गेनश्टोक डोंगरावर हामेटश्वांड लिफ्ट आहे. १९०५ ची, कड्याला लागून उभ्या केलेल्या लोखंडी जाळीच्या मनोऱ्यातून सुमारे १५३ मीटर चढणारी. युरोपातली सगळ्यात उंच उघड्यावरची लिफ्ट. यंत्रणा आता नवी आहे, त्यामुळे तिथे मनोरा आणि रेलचे जोड बघायचे. इतक्या उंचीवर उन्हाने लोखंड लांबतं आणि थंडीने आखडतं, तर रेल ब्रॅकेटला कसे धरलेत ते पाहण्यासारखं आहे. मोसम आणि हवामानावर ती चालू-बंद असते.

दक्षिण जर्मनीत रॉटवाइल गावात टेस्ट टॉवर आहे. उंची २४६ मीटर, २३२ मीटरवर लोकांसाठी गच्ची, २०१७ पासून खुली. हे संग्रहालयाच्या बरोबर उलटं प्रकरण आहे, म्हणूनच जा. आत डझनभर शाफ्ट आहेत, त्यातल्या काहींत सेकंदाला १८ मीटर वेगाच्या लिफ्टची चाचणी होते. दोराशिवाय, लिनिअर मोटरवर (गोल न फिरता सरळ रेषेत ढकलणारी मोटर), आडवीही जाऊ शकणारी केबिनही इथेच तपासली गेली. दोर नसेल तर गव्हर्नरचं काम कोण करणार, हा प्रश्न तिथल्या माणसाला जरूर विचारा. आणखी एक गंमत: वर २४० टनांचा लंबक टांगलेला आहे. तो वाऱ्याने होणारं डोलणं आवरतो, आणि उलट वापरला तर टॉवर मुद्दाम डोलवताही येतो. डोलत्या उंच इमारतीत लांब दोर शाफ्टच्या भिंतींवर आपटायला लागतात, त्याची चाचणी घ्यायला टॉवर डोलवता आला की वाऱ्याची वाट बघावी लागत नाही. गच्ची आठवड्याचे सगळे दिवस उघडी नसते, तेव्हा हॉटेल ठरवण्याआधी तारीख बघा.

प्रागला पॅटरनॉस्टरसाठी जा. तुमच्या पूर्ण यादीत मी हाच पहिला ठेवला असता. दार नसलेल्या, दोन माणसांच्या खोक्यांची साखळी, न थांबता सतत फिरणारी. एका बाजूने खोकी वर जातात, दुसऱ्या बाजूने खाली येतात. वेग सेकंदाला साधारण ३० सेंटिमीटर. चालत्यात चढायचं, चालत्यातून उतरायचं. वेन्सेस्लास चौकाला लागून असलेल्या लुसेर्ना इमारतीत एक प्रसिद्ध आहे. दुरुस्तीसाठी बंद नाही ना, हे स्थानिक बातमीत बघून जा. काउंटरवेट वेगळं नाही, चढती खोकी उतरत्यांना तोलतात, म्हणून मोटर लहान पुरते. वरच्या टोकाला खोकं उलटं होतं अशी लोकांची समजूत असते. होत नाही. ते साखळीला कोपऱ्यांत असं अडकवलेलं असतं की वर पोचल्यावर सरळ उभंच राहून बाजूला सरकतं आणि उतरू लागतं. तरी मुद्दाम वळसा घालून जाऊ नका, बहुतेक ठिकाणी तशी पाटी असते आणि ती पाळायची.

पश्चिम जर्मनीने १९७४ पासून नवे पॅटरनॉस्टर बांधायला बंदी घातली. पुढे २०१५ मध्ये प्रशिक्षण घेतलेल्या कर्मचाऱ्यांनीच वापरावेत असा नियम आला, तेव्हा लोकांनी इतका गिल्ला केला की तो लवकरच सैल करावा लागला. सुरक्षा तपासणारा म्हणून मला नियम करणाऱ्यांची बाजू कळते. उंबरठ्यापाशी पाय अर्धा आत, अर्धा बाहेर राहिला तर काय होईल हे बघायला कल्पनाशक्ती लागत नाही. म्हणूनच तिथे उंबरठ्याची कड बारकाईने बघा: काही ठिकाणी बिजागरीवर उचलली जाणारी फळी असते, पाय सापडला की ती उचलली जाऊन यंत्र बंद पडतं. आजीआजोबा बरोबर असतील तर त्यांना बाहेर उभं करून फोटो काढायला सांगा.

हॅम्बर्ग तुमच्या वाटेवर नाही, पण कधी उत्तरेला गेलात तर १९११ चा एल्ब नदीखालचा बोगदा चुकवू नका. गाड्या आणि माणसं लिफ्टनेच २४ मीटर खाली उतरवायची, हीच मूळ योजना.

न्यूयॉर्कला पुढे गेलातच तर दोन इमारती बाहेरून बघा, दोन्ही पायी अंतरात आहेत. ब्रॉडवे आणि ब्रूम स्ट्रीटच्या कोपऱ्यावरची हॉवउट इमारत, ओटिसची मूळ लिफ्ट आता नसली तरी. आणि कूपर युनियन. पीटर कूपर यांनी १८५३ मध्ये ती बांधायला घेतली तेव्हाच गोल शाफ्ट ठेवला, कारण आज ना उद्या कोणीतरी भरवशाची प्रवासी लिफ्ट काढेलच याची त्यांना खात्री होती. शाफ्ट गोल का, तर त्यांना तोच आकार सोयीचा वाटला. 

निघण्याआधी एक काम नाशिकमध्येच करा. तुमच्या किंवा नातेवाईकांच्या सोसायटीत मशीन रूम असलेली लिफ्ट असेल तर सर्व्हिसचा माणूस येईल त्या दिवशी, सेक्रेटरींना सांगून, त्याच्याबरोबर वर जा. एकट्याने कधीच नाही. गव्हर्नर कुठला, त्याचा दोर कुठून खाली जातो, ब्रेक कुठे आहे, एवढं त्याच्याकडून बोट लावून दाखवून घ्या. मुख्य दोरांवर लालसर भुकटी दिसते का तेही विचारा. ती दिसली तर दोर आतून कोरडा पडून गंजतोय. हे एकदा घरी बघितलं असेल तर पॅरिसच्या तळघरात किंवा कुठल्या संग्रहालयात तुम्हाला वस्तू आपोआप ओळखू येतील. नव्या बिनमशीन-रूमच्या लिफ्टमध्ये हे सगळं शाफ्टच्या आत असतं, तिथे बघायला मिळणार नाही. १९९६ मध्ये कोने कंपनीने तशी लिफ्ट बाजारात आणल्यापासून मशीन रूम हळूहळू नाहीशा होत चालल्या आहेत. मुंबईत फोर्ट, बॅलार्ड इस्टेट भागात जाळीच्या, लिफ्टमन असलेल्या लिफ्ट अजून सापडतात, जमलं तर तिथेही एक चक्कर मारा.

वागण्याचं थोडं. राहत्या इमारतींत शिरून बटणं दाबत, व्हिडिओ काढत फिरू नका. युरोपात तर अजिबात नाही. केबिनमध्ये उडी मारून बघायची खुमखुमी काही पोरांना असते. सेफ्टी लागली तर तुम्ही दोन मजल्यांच्या मध्ये बसाल आणि सोडवायला येणारा माणूस रविवारचं जेवण टाकून येईल. फोटो काढायचा तर केबिनमधल्या पाटीचा काढा: क्षमता, माणसं, बनवणारी कंपनी, वर्ष. त्यावरून पुढे सगळं शोधता येतं. आणि एक फरक लक्षात येईल. आपल्याकडे एक माणूस ६८ किलोचा धरतात, म्हणून आपल्या पाट्यांवर ६ माणसं ४०८ किलो, ८ माणसं ५४४, १३ माणसं ८८४ असे आकडे दिसतात. युरोपात माणूस ७५ किलोचा. तिथे ६ माणसांना ४५० आणि ८ माणसांना ६३० दिसेल. आठ गुणिले ७५ म्हणजे ६००, मग वरचे ३० कुठून आले, हे तिथल्या तक्त्यात शोधा. परत आल्यावर ते मला लिहून कळवा, आणि हामेटश्वांडच्या रेलच्या जोडांचा जवळून काढलेला फोटो असेल तर तोही पाठवा.